दुसरं होईल

दवाखान्यातून घरी आल्यापासून बायको नुसती घुम्यासारखी बसून असते, जरा चार माणसांत मिसळू दे, म्हणून तो तिला मित्राकडे खेळायला घेऊन गेला. खेळ तसा सोपा होता. आपलं एक पात्र रचायचं, त्याला नाव द्यायचं आणि फासे टाकत टाकत त्याला गुहेतून सुखरूप बाहेर काढायचं. बाकीच्यांची पात्रं तलवारी परजून तयार झाली, तरी ही आपली नावावरच अडलेली. पेन्सिलने लिहायची, खोडायची, पुन्हा तेच लिहायची.

तिच्या पहिल्याच फाशाला एक पडला. गुहेचं छत कोसळलं आणि तिचं पात्र तोंडाशीच गेलं.

टेबलाभोवती हशा पिकला. तिचे डोळे भरून आलेले दिसले, तसा मित्र गडबडला.

"अहो वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? जेमतेम जन्मलं होतं ते! दुसरं होईल की."

तिने मित्राकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

बाळ गेलं त्या दिवशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, तोही तिला अगदी हेच म्हणाला होता.