घासणारं दार

"आज कशालाही हात लावायचा नाही," तिने नवऱ्याला पुन्हा बजावलं. "लोक येतील, घर बघतील, जातील. तुम्ही नुसतं बसायचं. तोंड उघडायचं नाही."

"नळ तरी..."

"गळू दे."

घरमालकाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. घर विकलं गेलं तर महिन्याभरात रिकामं करून द्यायचं. पण घर दाखवून दाखवून तोही विटला होता. हे गिऱ्हाईक परत गेलं तर विकायचा नाद सोडतो, मग तुम्हीच राहा, असंही म्हणाला होता. तळमजल्याचं घर, आतल्या खोलीत खाटेवर सासूबाई. त्यांना एक पायरी चढवायची तर दोन माणसं लागत. या भाड्यात असं दुसरं घर शोधताना दोघांच्या चपला झिजल्या होत्या.

खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. फक्त बिघडलेलं आहे ते बिघडलेलं राहू द्यायचं. पण नवऱ्याचा भरवसा नव्हता. शाळेत कारकून माणूस, पण हाताला सदा खाज. घर दुसऱ्याचं आणि हा सुटीच्या दिवशी त्याच्या खिडक्यांच्या फटी बुजवणार, त्याच्या वायरी बदलणार. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात जन्म चालला होता. शेवटी तिने त्याची हत्यारांची पेटी माळ्यावर, जुन्या गादीच्या मागे दडवून ठेवली होती.

बेल वाजली. दार नेहमीसारखं फरशीला घासत निम्म्यावर येऊन अडकलं. आधी घरमालक, मग जाड चष्म्याचं गिऱ्हाईक, दोघेही अंग चोरून आत शिरले. सुरुवात तर चांगली झाली, असं तिला वाटलं.

गिऱ्हाईक मुरलेलं होतं. नाण्याने भिंती ठोकत तो घरमालकालाच शिकवत होता. "घर घेताना रंग बघू नये. रंग काय, कोणीही फासतो. कोपरे बघावेत. आणि नळ सोडून बघावेत."

बाथरूममध्ये नळ सोडायची गरजच पडली नाही. टप टप चालूच होतं. वर भिंतीवर हाताएवढा डाग.

"हे बघा. खाली गळतंय, वर डाग. आतला पाइप गेलाय. भिंतीत पाणी मुरतंय."

"अहो, किरकोळ आहे," घरमालक म्हणाला.

"सगळे किरकोळच म्हणतात. भिंत फोडल्यावर कळतं किती किरकोळ ते. नको. पदरचे पैसे घालून डोकेदुखी कोण विकत घेईल?"

तो बाहेरच्या दाराकडे वळला. तिचा जीव भांड्यात पडला.

"ओल नाही ती," नवरा म्हणाला.

तिने डोळे वटारले. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता, भिंतीकडे बघत होता.

"हात लावून बघा ना. कोरडी आहे. पाइप मीच बदललाय, मागेच. डाग त्याच्या आधीचा. रंग द्यायचा राहिलाय, एवढंच. आणि नळाचा फक्त वॉशर गेलाय."

"अहो," ती दात आवळून म्हणाली.

आता कोण ऐकतंय. त्याने स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि गादीमागची पेटी थेट बाहेर काढली. शोधलीसुद्धा नाही. म्हणजे इतके दिवस माहीत होतं याला. आणि नवा वॉशर निघाला तो शर्टाच्या खिशातून. ती बघतच राहिली.

पाणी बंद करून, वॉशर बसवून त्याने नळ पुन्हा आवळला. गळणं थांबलं. मग कोणी न विचारता त्याने वायरी दाखवल्या, खिडक्यांच्या बुजवलेल्या फटी दाखवल्या. गिऱ्हाईक भिंतीवर तळवा दाबून बराच वेळ उभं होतं.

"कोरडी आहे खरी," तो शेवटी म्हणाला. मग घरमालकाकडे वळून, "भाडेकरूने इतकं सांभाळलेलं घर मी पाहिलेलं नाही. घेतलं. पुढच्या महिन्यात मुलगा राहायला येईल."

घरमालकाने जाता जाता नवऱ्याचा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे जमलं हो."

दार घासत बंद झालं.

"गेले का?" आतून सासूबाईंनी विचारलं. "नको म्हणाले ना?"

तिने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि ती नवऱ्याकडे वळली.

"बोला आता," ती म्हणाली. "तेवढा वेळ गप्प बसवलं नाही तुम्हाला? आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात. आईंना घेऊन कुठे जायचं आता?"

"तो ओल म्हणत होता," नवरा म्हणाला. "ओल कुठे होती?"

"नव्हती. मला माहीत नाही का? म्हणू द्यायचं होतं त्याला." रागाने तिला रडू यायला लागलं.

पाना पुसून त्याने पेटीत ठेवला आणि रंधा बाहेर काढला. दारापाशी उकिडवा बसून त्याने खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आता कशाला ते? विकलं ना घर?"

"आईची खाट यातून निघायची नाही," तो म्हणाला. "दार पूर्ण उघडायला हवं."

त्याने बिजागरीचे स्क्रू काढायला घेतले. शेवटचा निघाला तसं दार एका बाजूला कललं. ते एकट्याला पेलणारं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि दुसऱ्या बाजूने धरलं.