हात हलण्याआधी

आकुर्डीच्या एका दवाखान्यात जयसिंगच्या डोक्याला तारा चिकटवल्या होत्या. डॉक्टर केळुसकरांना मेंदूच्या अभ्यासासाठी एक डावखुरा माणूस हवा होता आणि कंपनीने उदार मनाने आपला एक टेंपररी कामगार पाठवला होता. हात हलण्याआधीच मेंदूतल्या लाटा बदलतात आणि त्या कागदावर उमटतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तशी सोबत आलेल्या कंपनीच्या नाबरसाहेबांनी कान टवकारले. उद्या गेटवर संपासाठी हात वर करून मतदान होतं.

"म्हणजे कोण हात वर करणार ते आजच कळेल?" साहेब खुर्चीला खेटून उभे राहिले. "काय रे, करणार का उद्या हात वर?"

पुढच्या महिन्यात जयसिंगला पर्मनंट व्हायचं होतं, तेही याच साहेबांच्या सहीनं. दोन्ही हात मांडीवर निपचित पडलेले, कागदावरच्या रेघाही आपल्या चालीत.

"तुझा बाप याच गेटवर दोन्ही हात जोडून उभा राहायचा, तेव्हा कुठं तुला आत घेतला. विसरलास?"

हात जागचा हलला नाही. रेघा मात्र बदलल्या.

"बघा डॉक्टर! हा उद्या हात वर करणार!"

डॉक्टरांनी चष्मा सावरून कागद पाहिला.

"उद्याचं मला माहीत नाही. डावा हात आत्ताच निघालाय, एवढं दिसतंय. कुठं निघालाय ते यंत्र सांगत नाही. पण तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला उभे आहात साहेब, जरा मागं सरका."