मंगळवार-शुक्रवारचा व्यायाम

"उभी राहा ना जरा," नवरा म्हणाला आणि नवा वजनकाटा त्याने पायाने तिच्यापुढे सरकवला.

"मी कशाला? पोट तुमचं सुटलंय."

"सहज गं."

ती उभी राहिली. काटा एकसष्टवर थांबला. त्याने तो आकडा स्वतःशीच पुटपुटला, मान हलवली आणि काटा पलंगाखाली ढकलून दिला. स्वतः काही त्यावर चढला नाही. ते तिच्या मनाला फार लागलं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर बायकोचं वजन बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालू असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून स्टुलावर बसायचं, जागचं हलायचं नाही. अशा माणसाने दोन महिन्यांपूर्वी एकाएकी साखर सोडली. रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. पहाटे उठून उठाबशा काढू लागला. सामानाच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढायचा आणि वर आला की त्याच पिशव्या घेऊन पुन्हा खाली. पोट आत गेलं, खांदे भरले. शेजारीण म्हणाली, "तुमचे हे तर अगदी नवरदेव दिसायला लागलेत!" तिने हसून वेळ मारून नेली, पण ते बोलणं काही पचलं नाही.

मग तिनेही जेवणावर हात आखडता घेतला. त्याने मुकाट्याने तिच्या ताटात आणखी वाढलं. "तू नको काही सोडूस. अंगात ताकद पाहिजे."

म्हणजे यांनी हिरो व्हायचं आणि मी भोपळाच राहायचं, ती मनात म्हणाली.

ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिचं पायमशीन हल्ली रुसलं होतं, डावा पाय ठेक्यात पडायचाच नाही. तिने वादी बदलली, तेल घातलं, शिव्याही घातल्या. एके दिवशी नवऱ्याने न सांगता मशीनला मोटार बसवून आणली. एरवी चार वेळा मागितल्याशिवाय साधी सुई न आणणारा माणूस! मन खात असल्याशिवाय कोणी असं वागतं का?

तिने बोटं मोजून पाहिली. हे सगळं तिच्या तपासण्या झाल्या तेव्हापासूनचं होतं. रिपोर्ट आणायला म्हणून गेलेला नवरा तीन तासांनी उगवला आणि "अशक्तपणा आहे, गोळ्या घे" एवढंच बोलला. तीन तास कुठे होता, ते नाही.

आणि आता मंगळवारी, शुक्रवारी तो तास-दीड तास उशिरा यायचा, घामाने निथळत. "व्यायामशाळेत जातो," म्हणायचा. कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत तिने चौकशी केली. तिथल्या माणसाने वही चाळून सांगितलं, "नाही हो वहिनी, असे कोणी येत नाहीत."

त्या शुक्रवारी धुवायला काढलेल्या त्याच्या शर्टावर तिला एक केस सापडला. लांब, लालसर. तोही पाठीवर, कॉलरच्या खाली. तिचे स्वतःचे केस काळेभोर होते.

तिने मोठ्या बहिणीला फोन लावला. "ताई, माझा संसार बुडतोय गं."

ताईने सगळं ऐकून घेतलं. एरवी मेहुण्याची खिल्ली उडवायची एकही संधी न सोडणारी ताई आज एकदाही हसली नाही. मग म्हणाली, "काहीतरीच तुझं. माणूस बारीक होतोय तर होऊ दे की."

"आणि केस?"

"असेल कुणा गिऱ्हाइकाचा. हे बघ, तू त्याच्या मागे मागे फिरू नकोस. घरी राहा, आराम कर."

तिने फोन ठेवला. ताईला काहीतरी माहीत होतं, आणि सख्खी बहीण असून ती त्याचीच बाजू घेत होती.

मंगळवारी ती त्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. सहा वाजता त्याने शटर ओढलं आणि झपाझप चालू लागला. ती मागे निघाली. दोनदा पायातली चप्पल निसटली, अंतर वाढत गेलं, पण तिने त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून तो एका जुनाट इमारतीत शिरला. दारावरची पाटी गंजून गेली होती.

आतून बाईचं हसणं ऐकू आलं.

"अहो, घट्ट धरा! लाजताय काय असे?"

कठडा धरून ती एकेक पायरी चढली. अठरा वर्षं या माणसाचा डबा भरला, त्याच्या आईची आजारपणं काढली, ते हे बघायला? पहिल्या वळणावर ती थांबली. वरच्या जिन्यात तिचा नवरा होता. त्याच्या पाठीवर निळ्या ट्रॅकसूटमधली एक बाई, लाल केसांची, त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसली होती.

"वा!" ती म्हणाली. "छान चाललाय व्यायाम."

नवऱ्याने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईला खाली उतरवून तो तिथेच पायरीवर बसला. त्याला इतकी धाप लागली होती, की तोंडातून शब्द निघेना. बाई मात्र जराही ओशाळली नाही. केस मागे बांधत ती दोन पायऱ्या खाली आली आणि तिचा हात धरून प्रेमाने म्हणाली, "तुम्ही ताई ना? आज तुम्हीही येणार म्हणालेच होते हे. बरं केलंत. मी इथे घरच्या लोकांना पेशंट उचलायचं शिकवते. या, वेळ नका घालवू. तुमच्या बहिणीचे पाय फार तर वर्षभर साथ देतील म्हणालेत डॉक्टर, आणि तीन मजले रोज या एकट्याला नाही झेपायचे."