एकमताने मंजूर

शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर अंग चोरून सोसायटीचे सभासद बसले होते. बिल्डरने तीन वर्षांत नवी इमारत द्यायचा करार केला होता. सात वर्षं झाली तरी प्लॉटवर नुसता खड्डा होता. सेक्रेटरी वृंदा टिपणीसांनी करार रद्द करण्याचा ठराव वाचला. सगळे हात वर गेले, फक्त राजाध्यक्षकाकांचा नाही.

वृंदाताई भडकल्या. "काका, या बिल्डरला पहिला विरोध तुम्हीच केला होता ना? आता त्याचीच बाजू घेताय?"

"बाजू कसली! करार मोडला की तो कोर्टात जाणार. मग नवा बिल्डर, पुन्हा चार वर्षं. मी ब्याऐंशीचा आहे गं. भाड्याच्या घरात आमची ही रोज विचारते, आपल्या घरी कधी जायचं?"

"आणि नाही मोडला, तर हा बांधेल?"



"नाही बांधणार," काका म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

ठराव एकमताने मंजूर झाला. माणसं उठू लागली तरी काकांचा हात खाली येईना. शेवटी वृंदाताई जवळ गेल्या आणि त्यांनीच तो हळूच धरून खाली घेतला.