कुठल्या प्रकारचा?

महाडच्या एमआयडीसीत पावडरची पोती भरणारा भागोजी साहेबांकडे मास्क मागून मागून थकला. "कंपनीत मास्क येत नाहीत. फडकं बांध," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पुढे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार असतात. भागोजीचा बिडी न ओढणाऱ्यांनाही होणारा आहे. साहेबांनी मात्र "चोरून ओढत असेल" म्हणत हात झटकले. ते ऐकून त्याच्या बायकोच्या, चिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज तेच साहेब सफरचंदं घेऊन पोलादपूरला भागोजीच्या घरी आले. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "कुठल्या प्रकारचा आहे, बाई? लागण होणारा तर नाही ना?"

चिमाबाईने सफरचंदं अंगणात भिरकावली. "कुठलाच लागत नाय, सायेब!



तोंडावरला मास्क काढा, आन ह्यांना दाखवा तरी, कसा असतो तो!"