कुरुंदवाडचं विरजण

चिनी मातीच्या भांड्यातल्या दह्यावर एकही चीर नव्हती. सासूबाई चमचा हातात धरून तशाच बसल्या होत्या.

हे विरजण त्यांनी लग्नात माहेरून, कुरुंदवाडहून आणलेलं. माझा नवरा श्रीरंग लहानपणी परीक्षेला निघाला की त्याच्या तळहातावर याच दह्याची कवडी पडे. ती चाटतच तो पळे. यंदा रक्ताच्या आजारासाठी त्याचं स्टेम सेल प्रत्यारोपण ठरल्यावर डॉक्टरांनी घरचं दही बंद करायला सांगितलं. सासूबाई ‘उद्यापासून’ म्हणत राहिल्या, आणि तो इस्पितळात निघाला तेव्हाही त्यांनी त्याच्या हातावर दही ठेवलं.

प्रत्यारोपणानंतर त्याचा ताप हटेना. नेहमीच्या तपासण्यांत जंतू सापडला नाही. आज रक्तातल्या डीएनएच्या सिक्वेन्सिंगमध्ये सापडला.

“काय निघालं गं?”

“दह्यात असतो तो जंतू, आई. एरवी निरुपद्रवी, पण श्रीरंगला आत्ता प्रतिकारशक्तीच नाही. नेमकं औषध सुरू झालंय. आपल्याच दह्यातला असेल असं नाही.”

“आपलाच असणार. कुरुंदवाडचा आहे, सहजी नाही हटायचा.” त्या हसायला गेल्या, पण हसू आलं नाही.

चमचा खाली ठेवून त्यांनी भांडं माझ्याकडे सरकवलं.

“ओतून दे सगळं. विरजणही ठेवू नकोस.”