चोविसावं कुलूप

जिनदास शेठ पिंजाऱ्यांच्या गल्लीत वळले तेव्हा जुबेदाच्या ओट्यावर रजयांचा ढीग पडलेला होता. शेजारी कापूस पिंजायची धनुकली आणि एक पत्र्याची पेटी. सण जवळ नव्हता, घराला चुना लावणंही चाललं नव्हतं. सामान बाहेर का, ते शेठना कळेना.

त्यांच्या हातात दोन वस्तू होत्या, एकोणीसशे पंचवीस सालचं गहाणखत आणि नवं पितळी कुलूप. लग्नासाठी किंवा बैलांसाठी शेठ कर्ज देत नसत, फक्त घर बांधायला देत. वीस वर्षांत त्यांनी मंगरुळातले पिंजारी, रंगारी, बागवान भाड्याच्या खोपटांतून स्वतःच्या भिंतींत आणले होते. एकही घर लिलावात गेलं नव्हतं. कर्ज फिटलं की ते स्वतः दारात येत, खतावरचं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत, कागद त्या माणसाच्या हातात देत आणि त्यावर आपल्या पदरचं एक कुलूप ठेवत. "दार आता तुमचं," एवढंच म्हणत. तेवीस कुलपं देऊन झाली होती. ते ऐकायला गल्ली हातातलं काम टाकून येई.

आजही आली होती, पण माना खाली घालून.

जुबेदा पेटीजवळ उभी होती. आत, समोरच्या खोलीत, बाजेवर एक माणूस बसला होता. शेठनी त्याला ओळखलं नाही. शेजारच्या लतीफाने सांगितलं, "दिलावर हाय. जुबेदाचा देवर. कर्ज फिटल्याचं कानावर गेलं, काल आला हैदराबादहून."

लतीफाही जुबेदासारखीच विधवा. सोमवारी तिच्या घराचं खत व्हायचं होतं, जावयाच्या नावाने.

दिलावर हे नाव ऐकल्यावर शेठना सगळं आठवलं. नवरा वारल्यावर वर्षाने जुबेदा दुकानात आली होती. तिने जागा पाहून ठेवली होती. रजया भरून फेडीन, म्हणाली होती. कागद कोणाच्या नावाने करायचा, असं शेठनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या. बाईच्या नावावर मी खत करत नाही, घरातल्या माणसाचं नाव सांग, असं शेठ म्हणाले होते. तिच्या घरात माणूस नव्हता. म्हणून दिराला पत्र गेलं. तो एक दिवस आला, जागेच्या आणि गहाणाच्या अशा दोन्ही कागदांवर अंगठा लावला आणि परतीचं गाडीभाडं तिच्याकडून घेऊन गेला. त्यानंतर अकरा वर्षं त्याची चिठ्ठीही आली नाही. भिंती जुबेदाने लिंपल्या. आसेगावच्या बाजारात डोक्यावरून रजया जुबेदाने नेल्या. शेठच्या दुकानाची पायरी दर महिन्याला जुबेदाच चढली.

दिलावर बाहेर आला, अदबीने सलाम केला. "लोक उगाच तोंड पाडून राह्यले, शेठजी. भाबीले कोणी काढून नाही राह्यलं. मागच्या खोलीत राहतीन त्या. समोरची दुकानाले देतो. वाचा तुमी."

शेठनी चष्मा लावला. कागद उघडला. न वाचताही तो देता आला असता. वाचायची रीत त्यांचीच होती. ते नुसतेच कागदाकडे बघत राहिले.

"वाचा," जुबेदा म्हणाली. "तेवीस घरांचं वाचलं. माह्याच घराचं काहून नाही?"

शेठनी वाचलं. "दिलावर वल्द रमजान, पिंजारी, राहणार मंगरूळ." आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रहीमला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. शेठना ते नाव दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

दिलावरने कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला.

"एक पुसू काय, शेठजी?" जुबेदा म्हणाली. "बाईच्या नावानं कागद करू नये, असा सरकारचा कायदा हाय काय?"

"नाही."

"मंग?"

"माझा नियम होता."

तिने मान हलवली. बाजारात भाव ऐकून गिऱ्हाईक हलवतं तशी.

कुलूप राहिलं होतं. दिलावरने हात पुढे केला. पण कुलूप खतात लिहिलेलं नव्हतं. शेठ त्याच्या शेजारून पुढे गेले आणि त्यांनी ते जुबेदाच्या हातावर ठेवलं. सवयीने तोंडातून निघालं, "दार..." आणि ते थांबले. पुढचे दोन शब्द गल्लीत सगळ्यांना पाठ होते. कोणी शेठकडे बघितलं नाही.

जुबेदाने किल्ली लावून कुलूप उघडलं, दाबून लावलं, पुन्हा उघडलं. मग ती खाली बसली, पत्र्याच्या पेटीची कडी चढवली आणि कुलूप तिला घातलं. दोन्ही किल्ल्या पदराच्या टोकाला बांधल्या.

"माह्याकडे चाल," म्हणत लतीफा पुढे आली. तिने पेटीची एक बाजू धरली, जुबेदाने दुसरी. उचलताना लतीफा म्हणाली, "सोमवारी मी जावयाले आणत नाही, शेठजी. एकलीच येतो."

ओट्याची पायरी अरुंद होती. शेठ मध्येच उभे होते. पेटी पुढे आली तेव्हा ते खाली उतरले आणि त्यांनी वाट दिली.